मुलगा म्युनिकला, कुत्रा तिसऱ्या मजल्यावर

पत्र :
आम्ही दोघं निवृत्त, सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाने साडेतीन वर्षांपूर्वी रॉटवायलरचं पिल्लू आणलं, सिंबा. गेल्या वर्षी मुलगा नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि सिंबा आमच्याकडे राहिला. आता त्याचं वजन ४५ किलो आहे. घरात तो अगदी लेकरासारखा असतो. दुपारी माझ्या पायाशी झोपतो, नातीने कान ओढले तरी हूं की चूं करत नाही. पण परवा संध्याकाळी हे त्याला लिफ्टने खाली नेत होते. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि तिथला दहा वर्षांचा मुलगा बॅट घेऊन पळत आत शिरला. सिंबाने अचानक त्याचा दंड धरला आणि लगेच सोडला. दोन टाके पडले. सोसायटीची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत कुत्रा हलवा, नाहीतर मेंटेनन्स दुप्पट आणि लिफ्ट बंद. मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, कायद्याने ते काहीही करू शकत नाहीत. रॉटवायलर आहे म्हणून मागे लागलेत.’ हे म्हणतात, मुळशीला मित्राच्या फार्महाउसवर नेऊन सोडू. याआधी तो कधीच चावला नव्हता. पूर्वी अनोळखी माणसांवर गुरगुरायचा, ती सवय यांनी पेपरची गुंडाळी मारून मोडली. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे फिरवणं म्हणजे गेटपर्यंत आणि परत. आता मी काय करू?
(नाव न छापण्याच्या अटीवर)

ताई,

तुमच्या पत्रात सिंबाचं वजन आहे, त्याची झोपायची जागा आहे, नोटिशीतला मजकूर आहे. ज्याच्या दंडाला टाके पडले तो मुलगा आता कसा आहे, हे मात्र कुठेच नाही. मुद्दाम वगळलंत असं मी म्हणत नाही. माणूस घाबरला की त्याला आधी स्वतःचं घर दिसतं. पण सुरुवात तिथूनच करायला हवी होती, म्हणून पत्र मिळालं त्याच दिवशी त्या मुलाच्या लशीबद्दल तुम्हाला चार ओळी पाठवल्या. इतर वाचकांसाठी त्या इथे पुन्हा देते.

कुत्रा घरचा असो, लस टोचलेला असो, दात कातडीच्या आत गेला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट असलं काहीही भरायचं नाही. मग तडक डॉक्टरकडे. रेबीजची लस दंडात देतात, शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर वेळापत्रक थोडं वेगळं असतं. रक्त आलेल्या जखमेत लशीच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यं, जखमेच्या आत आणि भोवती टोचावी लागतात. लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, तोवरचं संरक्षण त्यातून मिळतं. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत ते घेतलं तरच उपयोग. टाके घालायच्या घाईत नेमकं हेच राहून जातं. लस ससूनमध्ये मिळते, महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयातही मिळते. सिंबाचं लसीकरणाचं पुस्तक काढा, त्याची झेरॉक्स त्या घरी द्या. आणि चावल्यापासून दहा दिवस सिंबा तुमच्या नजरेसमोर राहायला हवा. लाळेतून रेबीज पसरवणारा कुत्रा एवढ्या मुदतीत आजारी पडतो किंवा मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असला तर त्या चाव्यातून रेबीज गेला नाही असं डॉक्टर धरून चालतात. मुळशीचा बेत या एका कारणानेसुद्धा बाद होतो. इतर कारणं पुढे येतीलच.

तेव्हा आधी एक मजला उतरा, दोघंही, सिंबाला घरी ठेवून. औषधपाण्याचा खर्च त्यांनी मागायच्या आत तुम्ही पुढे करा. लशीच्या उरलेल्या तारखा विचारा आणि त्या दिवशी रिक्षा सांगू का, तेही विचारा. ‘तो बॅट घेऊन पळत आला ना’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी त्या दारात काढू नका. ‘आमचा तसा काही करत नाही हो’ हे तर मुळीच नको. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पळत शिरणं हा गुन्हा नाही. आणि तुमचा कुत्रा काय करतो, ते त्या घराने बघितलं आहे.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही नाही. लिफ्ट वापरू न देणं, कुत्रा आहे म्हणून जादा पैसे लावणं, हेही त्यात बसत नाही. तुमच्या नोटिशीतला दुप्पट मेंटेनन्स कुठल्याही वकिलासमोर टिकणार नाही, आणि बहुधा ते चेअरमनसाहेबांनाही ठाऊक असेल.

पण मुलाने तुम्हाला अर्धाच कायदा वाचून दाखवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम २९१ सांगतं, की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जो जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने पुरेशी काळजी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आपल्या ताब्यातल्या’ हे शब्द नीट वाचा. कुत्रा कोणी विकत घेतला, कागद कोणाच्या नावावर आहेत, हे तिथे पाहिलं जात नाही. मुलगा म्युनिकला आहे, ताबा तुमच्याकडे आहे. परवापर्यंत ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं निदान म्हणता तरी आलं असतं. इथून पुढे ती सोय संपली. (आपल्या पुण्यात दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. पाटीने जबाबदारी संपत नाही. झालाच तर मालकाला धोका आधीपासून माहीत होता याचा तो स्वहस्ते लिहिलेला पुरावा होतो.) महापालिकेचा पाळीव कुत्र्याचा परवाना आहे का, तेही बघून ठेवा. तो दरवर्षी नवा करावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. मुलगा गेल्यापासून त्याचं नूतनीकरण झालं नसणार, असा माझा अंदाज.

‘रॉटवायलर आहे म्हणून’ या मुद्द्यावर जरा थांबते, कारण सध्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर हेच चालू आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं : २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो आर्जेंटिनो असे सगळे त्यात होते. त्यामागे लोकांचा खरा संताप होता. २०२२ साली लखनौत घरच्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या मालकिणीचा जीव घेतला होता. पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. दिल्ली उच्च न्यायालयानेही लोकांच्या हरकती मागवून मग काय तो निर्णय घ्या असं बजावलं. तेव्हा त्या पत्राचा कागद कोणी तुमच्या दाराखालून सरकवला असेल तर तो आज निरुपयोगी आहे.

बंदीने काय साधतं ते बघायचं तर ब्रिटनकडे बघावं. तिथे १९९१च्या कायद्याने चार प्रकारचे कुत्रे बंद केले. लोकांनी तसेच दांडगे दुसरे आणले, आणि २०२३ संपताना एक्सएल बुली हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. दुसरीकडे ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात असं निघालं, की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक त्याच्या जातीवरून सांगता येतो. तुमच्या मुलाने हा आकडा तुम्हाला ऐकवला असेल. आकडा बरोबर आहे. पण तो कुत्र्याच्या स्वभावाबद्दल आहे, जबड्याबद्दल नाही. मी पशुवैद्य, दवाखान्यात माझ्या हाताला सर्वांत जास्त वेळा दात लावलेत ते पॉमेरेनियननी. चिकटपट्टी लावून मी पुढचा पेशंट घेते. ४५ किलोच्या रॉटवायलरने तसंच धरलं तर मला पुढचा पेशंट घेता येणार नाही. रॉटवायलर पाळणं बेकायदा असावं असं मला वाटत नाही. मात्र पॉमेरेनियनवाल्याला जी चूक खपते ती रॉटवायलरवाल्याला खपत नाही, हे पिल्लू घेतानाच समजायला हवं. त्या वेळी तुमच्या घरात हा विचार कोणी केला होता का? पंचविशीतला मुलगा उद्या नोकरीसाठी बाहेर जाणार, हे उघडच दिसत होतं.

आता लिफ्टमध्ये काय झालं ते सिंबाच्या बाजूने बघू. तुम्ही ‘अचानक’ लिहिलंय. मुलगा होता तेव्हा, मी समजते, हा कुत्रा सकाळी टेकडीवर तासभर पळत असणार. गेले कित्येक महिने त्याच्या वाट्याला गेटपर्यंतची फेरी आली आहे. गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके, रोज दारात कुरिअर आणि डिलिव्हरीवाले, आणि ज्याच्याकडे बघून तो वागायला शिकला तो माणूस घरातून गायब. अशा कुत्र्याला चार बाय चारच्या पेटीत उभं केलं. दार उघडलं, हातात लाकूड घेतलेलं कोणीतरी धावत अंगावर आलं. तुमच्या यांनी त्याच क्षणी साखळी आखडली असणार, कोणीही आखडेल. मागे भिंत, गळ्याला ताण, समोर बॅट. पळायला जागा नाही.

आणि गुरगुरून सांगायची सोय तर आधीच काढून घेतलेली. ताई, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य ते पेपरच्या गुंडाळीचं आहे. गुरगुरणं म्हणजे कुत्रा सांगत असतो, ‘मला हे नको आहे, लांब राहा.’ मार खाऊन तो सांगायचं बंद करतो. भीती होती तिथेच राहते, आता तिच्यात माराची भीती मिसळते. असे कुत्रे थेट दात लावतात आणि घरचे म्हणतात, काही कळलंच नाही. कळण्यासारखं गुरगुरण्याच्याही आधी बरंच असतं : खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्याच्या कडेने बघणं, बघताना बुबुळाच्या बाजूला पांढरी चंद्रकोर दिसणं, अंग ताठ, तोंड गच्च मिटलेलं. आज नात आली असेल तर ती कान ओढते तेव्हा सिंबाचा चेहरा पाहा. ‘हूं की चूं करत नाही’ ही कौतुकाची गोष्ट म्हणून तुम्ही लिहिलीत. हूं करायची त्याला मनाई आहे, हे ध्यानात ठेवून ती पुन्हा वाचा. आजपासून कान ओढणं बंद, आणि नात व सिंबा एका खोलीत मोठं माणूस असल्याशिवाय राहणार नाहीत.

एक गोष्ट सिंबाच्या बाजूची आहे : त्याने धरलं आणि आपणहून सोडलं. दुसऱ्यांदा चावला नाही, झटके दिले नाहीत. अशा कुत्र्याबरोबर काम करता येतं. सगळ्यांबरोबर येत नाही. पुन्हा पुन्हा खोल चावणाऱ्या, घरच्यांवरही उलटणाऱ्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा निर्णय मालकांबरोबर बसून मी घेतला आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून सिंबा त्यातला वाटत नाही.

आधी त्याची पूर्ण तपासणी करून घ्या. रॉटवायलरना खुब्याचं आणि कोपराचं दुखणं पुष्कळ असतं, गुडघ्याचा अस्थिबंधही (लिगामेंट) तुटतो. दुखऱ्या कुत्र्याला कोणी अंगाशी आलेलं सोसत नाही. कान बघा, थायरॉइड बघा. ‘नसबंदी केली की शांत होईल’ असं कोणी सांगेल. भटकणं, माद्यांमागे जाणं त्याने कमी होतं. भीतीतून येणारं चावणं त्याने जाईलच असं नाही. करायची की नाही ते तपासणीनंतर ठरवा.

मग मुसकं. बैलाला बांधतात तेच, कुत्र्याच्या मापाचं. पण टोपलीसारखं जाळीचं घ्या, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. कुत्र्याचं अंग मुख्यतः धापेनेच थंड होतं. कापडी पट्टीने तोंड बांधून एप्रिलच्या उन्हात पुण्यात फिरवलं तर कुत्रा उष्माघाताने जाऊ शकतो. मुसकं आणलं आणि चढवलं असं करू नका. पहिले दोन-तीन दिवस ते नुसतं हातात धरायचं आणि आत उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा. तो आपणहून नाक घालेल, काढेल. मग नाक आत असताना एकेक सेकंद वाढवायचा. मग पट्टा लावून लगेच सोडायचा. हे घाईने केलं तर तो मुसकं बघून पलंगाखाली जाईल आणि मग तुम्ही दोघं मिळूनही त्याला बाहेर काढू शकणार नाही. नीट केलं तर ते दिसलं की शेपूट हलवत येईल. मुसक्यामुळे शेजाऱ्यांना कुत्रा भयंकर दिसेल, असं तुमच्या ह्यांना वाटेल. वाटू दे.

लिफ्टमध्ये सिंबा असताना दुसरं कोणी नाही, हा नियम तुम्ही स्वतःवर घाला. दार उघडायच्या आत त्याला मागच्या कोपऱ्यात बसवायचं, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. बाहेर कोणी दिसलं की हात वर करून ‘तुम्ही जा, आम्ही नंतर येतो’. सकाळी शाळेच्या बसची आणि संध्याकाळी मुलं खाली खेळायची वेळ टाळा. लांबणारी दोरी टाकून द्या, दीड मीटरचा साधा मजबूत पट्टा आणि छातीवर कडी असलेला हार्नेस वापरा.

पण पट्टा धरणार कोण? खरा पेच इथे आहे आणि तुम्ही तो गुडघ्यांच्या एका ओळीत संपवलात. तुम्हाला तो आवरणार नाही, ह्यांनाही आवरला नाही हे दिसलंच. फिरवायला माणूस ठेवावा लागेल. एका हातात तीन कुत्रे आणि दुसऱ्या हातात मोबाइल असलेला कॉलेजचा पोरगा नको. सिंबाला एकट्याला नेणारा, मुसक्याशिवाय पाऊल न टाकणारा, ओळखीच्या पशुवैद्याने सुचवलेला हवा. शिकवायला माणूस बोलवाल तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा, कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? ‘बॉस कोण ते दाखवावं लागतं’ असं म्हणाला, किंवा पिशवीतून काटेरी पट्टा अथवा शॉकची कॉलर काढली, तर चहा देऊन वाटेला लावा. पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, सुधारून देतो, असं म्हणणाराही नको. पेपरच्या गुंडाळीने जे केलं तेच तो जास्त पैसे घेऊन करेल.

या सगळ्याचा महिन्याचा खर्च काढा आणि म्युनिकला पाठवा. कायदा फोनवर सांगता येतो, तर पैसेही तिथून पाठवता येतात.

मुळशीबद्दल. फार्महाउसवर कुत्रा ‘मोकळा’ राहतो असं आपण शहरात बसून म्हणतो. प्रत्यक्षात तो दिवसभर साखळीला असतो आणि राखणदार वेळ मिळेल तेव्हा भाकरी टाकतो. आखूड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. रात्री सोडलाच तर पुणे जिल्ह्यात बिबटे कुत्री उचलून नेतात, ते काही तुम्हाला नवीन नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. त्या राखणदाराला मुलंबाळं असतील. माणसाला चावलेला कुत्रा, चावल्याचं न सांगता, तुम्ही त्यांच्या अंगणात नेऊन बांधणार. इथे दुसऱ्या मजल्यावरच्या मुलासाठी सोसायटीने नोटीस काढली. तिथे चावला तर कोण नोटीस काढणार?

दुसरं घर शोधणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. तपासणी, माणूस, मुसकं एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत तुम्हाला झेपत नाही असं दिसलं, तर मोठे कुत्रे सांभाळलेलं, लहान मुलं नसलेलं घर बघा. चावल्याचं लेखी सांगा. असं घर लवकर मिळत नाही, म्हणून शोध आत्ताच सुरू करायला हरकत नाही.

सोसायटीच्या बैठकीला मार्गदर्शक सूचनांची प्रिंट घेऊन जाल, पण ती पिशवीतच ठेवा. आधी काय काय केलंय ते सांगा : मुलाच्या लशीचं, मुसक्याचं, लिफ्टच्या नियमाचं, फिरवायच्या वेळांचं, परवान्याचं. हे एका कागदावर सही करून द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसू असं म्हणा. एवढ्यावरही कोणी दुप्पट मेंटेनन्सवर अडून राहिलं तर मग प्रिंट काढा.

आणि मुलाला बोलवून घ्या. सिंबाला त्याचं ऐकायची सवय आहे, मुसक्याची पहिली ओळख त्याच्या हातून झाली तर तुमचं निम्मं काम वाचेल. चार दिवसांची धावती फेरी नको. निदान दोन आठवड्यांची रजा टाकून ये म्हणावं, आणि आल्या आल्या पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावर जाऊन ये.